भेरूघाटात तापलेली गाडी आणि ओळखीचा विक्रेता

इंदूरच्या पश्चिम भागात राहणाऱ्या, शाळेत शिकवणाऱ्या एका वाचक भगिनीचे हे पत्र आहे. चार महिन्यांपूर्वी त्यांनी जुन्या गाड्यांच्या एका विक्रेत्याकडून सात वर्षे वापरलेली पेट्रोलवरची छोटी गाडी ४,३५,००० रुपयांना घेतली. विक्रेता मराठी, त्यांच्याच गणेशोत्सव मंडळातला आणि त्यांच्या दिरांच्या ओळखीचा. ३,३५,००० रुपये बँकेतून दिले. १,००,००० रुपये रोख दिले आणि त्याची पावती मागणे त्यांना प्रशस्त वाटले नाही. गाडीसोबत ‘इंजिन-गिअरबॉक्स सहा महिने गॅरंटी’ असे छापलेले कार्ड मिळाले. एकोणिसाव्या दिवशी ओंकारेश्वरला जाताना सिमरोलच्या पुढे भेरूघाटात तापमानाचा लाल दिवा लागला, बॉनेटमधून वाफ निघाली आणि गाडी टो करून परत आणावी लागली. विक्रेत्याच्या गॅरेजने ती अकरा दिवस ठेवून घेतली आणि रेडिएटर साफ केल्याचे सांगितले. पंधरा दिवसांनी तोच प्रकार झाला. या वेळी गाडी तीन आठवडे अडकली आणि वॉटर पंप गॅरंटीत बसत नाही म्हणून ८,५०० रुपये घेतले. गाडी अजूनही हीट मारते. घराजवळच्या मेकॅनिकने पाहिले, तेव्हा रेडिएटरचा पंखा ‘डायरेक्ट’ केलेला आढळला आणि थर्मोस्टॅट जागेवर नव्हताच. हे कळवल्यावर विक्रेता म्हणाला, ‘बाहेरच्याने हात लावला, आता गॅरंटी संपली.’ त्यानंतर तो फोन घेत नाही. आरसी (गाडीचे नोंदणी प्रमाणपत्र) अजून देवासच्या पूर्वीच्या मालकाच्या नावावर असून, चलान आल्यामुळे त्या गृहस्थांनीही फोन केला होता. पती म्हणतात, जुनी गाडी घेतली, ती जुन्या गाडीसारखीच चालणार. लेखिकेपुढे तीन मार्ग आहेत : गप्प बसणे, समाजाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळे उघड करणे, किंवा गाडी दुसऱ्या कुणाला विकून मोकळे होणे. त्या विचारतात, ‘सेकंड हँड वस्तूबद्दल तक्रार करण्याचा मला अधिकार आहे का? आणि असला, तरी ओळखीच्या माणसाविरुद्ध तो वापरावा का?’

ताई,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात भेरूघाटातली वाफ आणि गॅरेजच्या फेऱ्याच मनात राहिल्या. दुसऱ्या वेळी मात्र मी अखेरीकडच्या एका वाक्यापाशी थांबलो, कारण तुम्ही ते जाता जाता लिहिले आहे : ‘आरसीचेही अजून झालेले नाही, पण ते काम ते करून देतील.’ माझ्या मते तुमच्या अडचणीतला सर्वांत तातडीचा भाग हाच आहे. गाडीचे इंजिन उद्या दुरुस्त झाले तरी हा भाग तसाच उरेल, म्हणून आधी त्याविषयी लिहितो.

नावावर गाडी करून देणे हे विक्रेत्याचे काम आहे, असे तुम्ही गृहीत धरले आहे. व्यवहारात बहुतेक विक्रेते एजंटमार्फत ते करून देतात हे खरे; परंतु मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकली गेली असेल, तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत ते आरटीओला कळवायचे असते. म्हणजे हे कर्तव्य काही अंशी तुमच्यावरही आहे आणि त्याची मुदत उलटून गेली आहे. मालकी बदलाची सूचना आणि अर्ज, म्हणजे फॉर्म २९ आणि ३०, यांवर तुमच्या आणि देवासच्या गृहस्थांच्या सह्या झाल्या होत्या का, ते कागद सध्या कुणाकडे आहेत, हे आधी शोधा. त्यानंतर परिवहन विभागाच्या एम-परिवहन ॲपवर गाडीचा क्रमांक टाकून पाहा. तिथे गाडीवर एखाद्या बँकेचा बोजा अजून दिसत असेल, तर आरसी का अडकली आहे याचे उत्तर तुम्हाला विक्रेत्याला न विचारताच मिळेल. पूर्वीच्या मालकाचे कर्ज फिटल्याचे बँकेचे नाहरकतपत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय तो बोजा उतरत नाही, आणि कित्येक विक्रेते ही गोष्ट ग्राहकाला न सांगता ‘आज-उद्या होईल’ असे म्हणत राहतात.

देवासच्या त्या गृहस्थांचा फोन तुम्हाला त्रासदायक वाटला, असे पत्रावरून दिसते. मला वाटते की या प्रकरणात ते तुमचे सोबती आहेत. ज्याच्या नावावर नोंदणी आहे त्यालाच मोटार वाहन कायद्याच्या दृष्टीने मालक मानावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे. गाडी आधीच पुढे विकली गेली असली, तरी अपघात झाल्यास भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येऊ शकते. म्हणजे तुम्ही गाडी चालवता तेव्हा जोखीम त्यांची असते, आणि गाडी नावावर व्हावी याची निकड त्यांनाही तुमच्याइतकीच आहे. त्यांना फोन करा, तुमच्या वापराच्या काळातले चलान तुमच्याकडे असेल तर ते लगेच भरा, आणि त्यांनी विक्रेत्याला गाडी कोणत्या दिवशी, कोणत्या कागदावर दिली ते विचारा. केंद्रीय मोटार वाहन नियमांत १ एप्रिल २०२३ पासून झालेल्या बदलानुसार जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला नोंदणी प्राधिकाऱ्याकडून पाच वर्षांसाठी प्राधिकारपत्र घ्यावे लागते, आणि मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना फॉर्म २९-सी मधून द्यायची असते. तशी सूचना दिली गेली असेल, तर गाडी हातात असेपर्यंत कायदा त्या विक्रेत्यालाच मालक मानतो. ती दिली गेली होती का, हे देवासहून कळेल. विक्रेत्याकडे प्राधिकारपत्र आहे का, हे इंदूरमधल्या नायता मुंडल्याच्या आरटीओत विचारता येईल.

विमाही पाहून घ्या. तृतीय पक्षाच्या नुकसानीपुरता विमा गाडीबरोबर नव्या मालकाकडे आला असे कायदा मानतो. परंतु पॉलिसी दुसऱ्याच्या नावावर असताना तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा कंपनी नाकारू शकते. पूर्वीच्या मालकाचा ‘नो क्लेम बोनस’ही तुम्हाला मिळत नाही, तो त्या माणसाचा असतो.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. जुनी वस्तू घेणाऱ्याला तक्रारीचा अधिकार नसतो, हा समज आपल्या घराघरांत इतका मुरलेला आहे की तुमच्या पतींनीही तो सहज बोलून दाखवला. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये ‘ग्राहक’ या शब्दाची व्याख्या वस्तू नवी की जुनी यावर आधारलेली नाही. पैसे देऊन स्वतःच्या वापरासाठी वस्तू घेणारा ग्राहक ठरतो. पुन्हा विकण्यासाठी घेणारा ठरत नाही. तुम्ही निःसंशय ग्राहक आहात. मात्र तुमच्या पतींच्या म्हणण्यातला खरा भागही मान्य करायला हवा. सात वर्षांच्या गाडीचे बुश वाजणार, बॅटरी उतरणार, क्लचप्लेट एक दिवस संपणार, आणि त्याबद्दल विक्रेत्याला दोष देणे न्याय्य होणार नाही. झीज आणि लपवलेला दोष यांत फरक आहे, आणि तुमच्या गाडीच्या बाबतीत सगळा निर्णय त्या फरकावर अवलंबून राहील.

म्हणूनच तुमच्या मेकॅनिकने सांगितलेल्या दोन गोष्टी मला फार महत्त्वाच्या वाटतात. इंजिन पुरेसे गरम होईपर्यंत थर्मोस्टॅट कूलंटला रेडिएटरकडे जाऊ देत नाही, आणि रेडिएटरचा पंखा तापमान वाढल्यावर आपोआप सुरू होऊन नंतर बंद होतो. ज्या गाडीत तापण्याचा जुना आजार असतो, तिचा थर्मोस्टॅट काढून टाकायचा आणि पंख्याला थेट वीज द्यायची, म्हणजे किल्ली फिरवल्यापासून तो अखंड चालत राहील, हा गॅरेजांतला नेहमीचा तात्पुरता उपाय आहे. त्याने शहरातल्या फेऱ्यांत दोष झाकला जातो. राजवाड्यापासून विजय नगरपर्यंत गाडी चालवून पाहिली तर काटा हलणार नाही. घाटात खालच्या गिअरमध्ये, एसी लावून, चार माणसे घेऊन चढायला लागली की मूळ आजार वर येतो. तुमची गाडी नेमकी भेरूघाटात का थांबली, याचे हे एक समजण्यासारखे कारण आहे. मूळ आजार रेडिएटर चोंदल्याचा असू शकतो, किंवा हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि सिलिंडर हेड यांच्यामधले पॅकिंग, गेल्याचा. कूलंट बाहेर कुठेही न गळता कमी होत असेल, इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत असेल किंवा ऑइल दुधाळ झाले असेल, तर हेड गॅस्केटची शंका बळावते, आणि तो भाग इंजिनाचाच असल्यामुळे तुमच्या गॅरंटीच्या कार्डाच्या कक्षेत सरळ येतो.

हा उपाय कुणी केला, हे मात्र तुम्हाला किंवा मला माहीत नाही. तो पूर्वीच्या मालकाच्या मेकॅनिकने केलेला असू शकतो आणि विक्रेत्याच्या लक्षात आलेला नसेलही; लहान विक्रेत्यांपैकी अनेकांचे स्वतःचे गॅरेज नसते आणि ते दुसऱ्याच्या मेकॅनिकवर विसंबून असतात. त्यामुळे ‘त्यांनी मला फसवले’ हे वाक्य आज लिहू नका. पण त्यांच्या गॅरेजने गाडी दोन वेळा मिळून महिनाभर ठेवली, रेडिएटर आणि वॉटर पंपाला हात घातला, आणि तरीही काढलेला थर्मोस्टॅट आणि डायरेक्ट केलेला पंखा त्यांनी तुम्हाला सांगितला नाही, हे तुम्ही ठामपणे लिहू शकता. योग्य तपासणी न करता वस्तूच्या कामगिरीची गॅरंटी देणे आणि बिल किंवा पावती न देणे, या दोन्ही गोष्टी २०१९ च्या अधिनियमात अनुचित व्यापार प्रथेत मोडतात. म्हणजे ‘मलाही ठाऊक नव्हते’ या उत्तराने ते पूर्णपणे सुटत नाहीत.

गॅरंटी संपल्याचे ते सांगतात, तेही तपासून पाहा. कार्डावर बाहेरच्या दुरुस्तीबद्दल अट छापलेली आहे का? असल्यास तुमच्या मेकॅनिकने दुरुस्ती केली, की केवळ बॉनेट उघडून पाहिले? पाहणे म्हणजे हात लावणे नव्हे. त्याने काही सुटे केले असेल, तर तेही प्रामाणिकपणे नोंदवा. लपवलेली एक लहान गोष्ट पुढे तुमच्या सगळ्या खऱ्या गोष्टींवर सावली टाकील. सहा महिन्यांपैकी चार गेले आहेत, म्हणून लेखी तक्रार उरलेल्या दोन महिन्यांत पोचायलाच हवी.

गाडी आता चालवू नका. तापलेले इंजिन रेटत राहिल्यास सिलिंडर हेड वाकते, खर्च कैक पटींनी वाढतो, आणि नंतर ‘तुम्हीच चालवून बिघडवली’ असे म्हणायला जागा मिळते. पंखा आणि थर्मोस्टॅटची जागा जशी आहे तशी ठेवून फोटो आणि व्हिडिओ काढा. मेकॅनिक मदतीच्या भावनेने ते लगेच नीट करून देऊ म्हणेल, त्याला थांबवा. त्यानंतर गाडी टो करून ज्या कंपनीची आहे तिच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला न्या आणि कूलिंग सिस्टीमची प्रेशर टेस्ट व इंजिनाची कॉम्प्रेशन टेस्ट करून लेखी अहवाल मागा. गाडीच्या क्रमांकावरून तिथला जुना सर्व्हिसचा इतिहासही मागून पाहा. त्यात प्रत्येक वेळचे किलोमीटर नोंदलेले असतात, आणि तापण्याची तक्रार पूर्वी आली असेल तर तीही दिसेल. तपासणीचे पैसे जातील, पण पुढचे प्रत्येक पाऊल या कागदावर उभे राहणार आहे. दोष तपासणीशिवाय ठरवता येत नसेल, तर ग्राहक आयोगही तज्ज्ञांचा अहवाल मागवतो.

अहवाल हातात आला की विक्रेत्याला पत्र लिहा. वकिलाची नोटीस या टप्प्यावर नको. तुमच्या सहीचे, मराठीत किंवा हिंदीत, दोन पानांचे पत्र पुरे आहे. खरेदीची तारीख, किंमत, गाडी बंद पडल्याच्या तारखा, गॅरेजमध्ये ठेवल्याच्या तारखा, दिलेले ८,५०० रुपये, अहवालातील निष्कर्ष एवढेच त्यात असावे. रोख दिलेल्या एक लाखाचा उल्लेख टाळू नका. ‘अमुक तारखेला, अमुक ठिकाणी, दिरांच्या समक्ष दिलेले रोख १,००,००० रुपये’ असे स्पष्ट लिहा आणि त्याची पावती मागा. ती रक्कम तुम्ही स्वतः लिहिली नाही, तर पुढे गाडीची किंमत कागदोपत्री ३,३५,००० रुपयेच ठरण्याचा धोका आहे. त्याच दिवसांतले व्हॉट्सॲपवरचे संभाषण असेल तर ते पुसू नका आणि तो फोनही बदलू नका.

काय मागायचे, हे मी तुमच्या जागी असतो तर अहवालावरून ठरवले असते. दोष रेडिएटर, थर्मोस्टॅट, पंखा एवढ्यापुरता असेल, तर अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये विक्रेत्याच्या खर्चाने दुरुस्ती, ८,५०० रुपयांची परतफेड आणि ठरावीक तारखेच्या आत आरसी एवढे मागावे. एवढ्यासाठी गाडी परत करणे मला अतिरेकी वाटते, कारण चांगली दुरुस्त झालेली ही गाडी तुम्हाला पुष्कळ वर्षे साथ देऊ शकेल. सिलिंडर हेड वाकले असेल किंवा ब्लॉकला तडा गेला असेल, तर मात्र गाडी परत आणि पूर्ण रक्कम परत हीच मागणी योग्य ठरेल. आरसीची मागणी दोन्ही वेळा आणि वेगळ्या परिच्छेदात लिहा, म्हणजे इंजिनाच्या वादामागे ती दडून राहणार नाही. उत्तरासाठी १५ दिवसांची मुदत द्या आणि पत्र स्पीड पोस्टाने पाठवून पोचल्याची नोंद जपून ठेवा.

इथे तुमचा दुसरा प्रश्न येतो, आणि पत्रातला सर्वांत अवघडलेला सूर त्याच प्रश्नात आहे. इंदूरमधल्या मराठी माणसांचे जग मोठ्या शहरात असूनही लहान आहे. ज्याच्याकडून गाडी घेतली तोच आरतीला शेजारी उभा असतो, त्याची बायको हळदीकुंकवाला भेटते. अशा ठिकाणी लेखी तक्रार म्हणजे शत्रुत्व जाहीर करणे, असे तुम्हाला वाटते. मी ते थोडे वेगळे पाहतो. तुमच्या व्यवहारात जिथे जिथे कागद हवा होता, तिथे तिथे ओळख पुढे आली : पावतीच्या जागी, आरसीच्या तारखेच्या जागी, गॅरेजच्या जॉबकार्डाच्या जागी. ओळखीवर तिला न पेलणारे ओझे पडले. आज तुम्ही फोन करता, ते टाळतात, तुम्ही दिरांकडे बोलता, दीर त्यांच्याकडे अर्धेमुर्धे पोचवतात, आणि प्रत्येक फेरीत कडवटपणा वाढतो. तारखा आणि आकडे असलेले शांत पत्र ही फिरवाफिरवी थांबवते. त्या माणसालाही नेमके किती आणि काय द्यायचे आहे ते कळते, आणि मान राखून बाहेर पडण्याची वाट मिळते. मंडळातल्या एखाद्या ज्येष्ठांना मध्यस्थी करू द्यायची असेल तर जरूर करू द्या, पण पत्र गेल्यानंतर. आणि त्यांच्यासमोर जे ठरेल ते तारखेसह लिहून दोघांच्या सह्या घ्या.

गाडी दुसऱ्याला विकून मोकळे होण्याचा विचार सोडून द्या. ती तुमच्या नावावर नाही, तेव्हा आज ती विकण्याचा तुम्हाला मार्गच नाही. आणि तापण्याचा दोष माहीत असताना तो न सांगता विकली, तर आज तुम्हाला जे सोसावे लागते आहे तेच दुसऱ्या एखाद्या कुटुंबाला भेरूघाटात, कदाचित रात्रीच्या वेळी, सोसावे लागेल. तुमच्या पत्रावरून तुम्ही थकल्या आहात हे दिसते. हा मार्ग तुम्ही थकव्यातून लिहिला आहे, असेच मी समजतो. ग्रुपवर उघड करण्याबद्दल एवढेच, की आता नको. सिद्ध न झालेला ‘फसवणूक’ हा शब्द बदनामीच्या उलट तक्रारीला कारण देतो आणि समेटाची शक्यता बंद करतो.

पंधरा दिवसांत उत्तर आले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. पुष्कळ प्रकरणे त्या टप्प्यावर मार्गी लागतात. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते, स्वतःची बाजू वकिलाशिवाय मांडता येते, आणि दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. कायद्यात निकालासाठी तीन महिने, आणि तपासणी लागल्यास पाच महिने, अशी मुदत आहे. प्रत्यक्षात याहून अधिक वेळ लागतो, याची तयारी ठेवा. आयोगात मध्यस्थीचीही सोय असते आणि ओळखीतल्या वादांना ती विशेष मानवते. तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, म्हणून भेरूघाटातली ती तारीख वहीत लिहून ठेवा.

जुनी गाडी घेण्याच्या विचारात असलेल्या इतर वाचकांनाही यातून दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. गाडी पाहायला जाल तेव्हा विक्रेत्याला ती आधी सुरू करून ठेवू देऊ नका. थंड इंजिनावर बॉनेट उघडून कूलंटच्या टाकीत रंगीत कूलंट आहे की साधे पाणी, ते पाहा. किल्ली फिरवताच रेडिएटरचा पंखा फिरू लागला, तर विचारा का. एसी बंद ठेवून वीस-पंचवीस मिनिटे इंजिन चालू राहू द्या आणि पंखा मधूनमधून सुरू होऊन थांबतो का, याकडे लक्ष ठेवा. दुसरी गोष्ट पैशांची. सगळी रक्कम ताब्याच्या दिवशी देऊ नका. पन्नास हजारांसारखी एखादी रक्कम आरसी आणि विमा नावावर झाल्यावर देण्याचे टोकनच्या पावतीवरच लिहून घ्या. नावावर करून देण्याची निकड विक्रेत्यालाही वाटावी, यासाठी याहून परिणामकारक उपाय माझ्या पाहण्यात नाही.

ताई, विक्रेता समोर येईल म्हणून तुम्ही मंडळाच्या नाटकाच्या तालमींना जाणे सोडले, असे तुम्ही शेवटी लिहिले आहे. या आठवड्यात देवासला फोन आणि गाडीची तपासणी, पुढच्या आठवड्यात पत्र. पत्र पोचल्याची नोंद हाती आली की तालमीला जा. गाडीचा विषय तिथे काढावा लागणार नाही. त्याचे उत्तर द्यायला त्यांच्याजवळ कागद असेल आणि पंधरा दिवस असतील.